आरशाजवळचं कुंकू

हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात कुणाच्या तरी कपाळापाशी गेलेलं बोट मध्येच थांबलेलं तुम्ही पाहिलंय का? पाहिलं असेलही, पण लक्षात राहिलं नसेल. माझ्याही कित्येक वर्षं लक्षात नव्हतं. आणि ते बोट तर माझंच होतं.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. चंडीगडच्या आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आईने माझ्या हातात तबक दिलं आणि बजावलं, "नीट लाव हं, मधोमध. नाकावर सांडू नकोस." मी एकेकीसमोर उभी राहत होते, आधी हळद, मग कुंकू. प्रत्येक जण माझं कौतुक करत होती. सोफ्याच्या टोकाला एकवीसवाल्या काकू बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर गेले, बोट कुंकवात बुडवलं, हात वर केला. मागून आईचा हळू आवाज आला, "पुढे चल."

मी पुढे गेले. काकूंनी हसून माझ्या गालाला हात लावला. त्यांना तिळगूळ मिळाला, चहा मिळाला. सगळं इतकं सहज झालं की घरात कुणाला काही झाल्यासारखं वाटलंच नाही.

"एकवीसवाल्या" म्हणजे काय ते सांगते. चंडीगडमध्ये माणसाला नावाच्या आधी सेक्टर चिकटतो. इथल्या मराठी घरांमध्येही तसंच आहे. एकवीस सेक्टरमध्ये राहणाऱ्या त्या एकवीसवाल्या काकू, सदतीसमधल्या त्या सदतीसवाल्या मावशी. बाबांची बदली होऊन आम्ही इथे आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. पुढच्या बदल्या त्यांनी कशाबशा टाळल्या आणि आम्ही इथलेच झालो. आमच्या घरात मराठी, बिल्डिंगमध्ये पंजाबी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी.

आता इथली संक्रांत डोळ्यांसमोर आणा. हा सण सूर्याचा, आणि जानेवारीच्या मध्याला चंडीगडमध्ये सूर्यच दिसत नाही. कधी कधी चार-चार दिवस धुकं हटत नाही. दुपारी दोन वाजता गाड्यांचे दिवे लागलेले असतात. आई तरीही सकाळी बाल्कनीत उभी राहून, सूर्य जिथे असायला हवा त्या दिशेला हात जोडते. लहानपणी मी तिला विचारायचे, "आई, तो दिसत तर नाहीये." ती म्हणायची, "त्याला मी दिसतेय ना."

सुगडं इथे मिळत नाहीत, म्हणून चहाचे मातीचे कुल्हड आणायचे. भोगीच्या भाजीत पावट्याऐवजी मटार. बोरं मात्र सेक्टरात भरणाऱ्या 'अपनी मंडी'त मिळतात, आणि गाजरं तर अशी लालभडक की सातारची आत्या फोटो पाहून "रंग घातलाय" म्हणते. काळ्या साडीवरून दरवर्षी खालच्या मजल्यावरच्या आंटी आईला टोकायच्या, "दीदी, त्योहार के दिन काला?" आई सांगायची की काळा रंग ऊब धरतो. आंटी अंगावरच्या दोन स्वेटरांकडे आणि शालीकडे बघून हसायच्या.

काळ्या रंगाचं हे कारण तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. कदाचित मीच लिहिलेलं असेल. मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजीत बीए केलं, आता घरूनच वेगवेगळ्या वेबसाइट्ससाठी लिहिते, आणि प्रत्येक सणाच्या आधी माझ्याकडे एकच काम येतं: 'या प्रथेमागची सात शास्त्रीय कारणं'. तीन सापडतात. उरलेली चार, कबूल करते, ओढूनताणून बसवावी लागतात. तीळ उष्ण, गूळ पौष्टिक इथपर्यंत ठीक असतं. पुढे भुवयांच्या मध्ये कुंकू लावल्याने अमुक ग्रंथी जागी होते वगैरे लिहिताना माझी बोटं अडखळतात. जी गोष्ट बायकांच्या अर्ध्या जगाला लावतच नाहीत, तिचा आरोग्याला फायदा कसला सांगायचा?

संक्रांतीबद्दल एक खरी शास्त्रीय गोष्ट आहे, पण ती अशा याद्यांमध्ये कुणी टाकत नाही. उत्तरायण, म्हणजे दिवस मोठा व्हायला लागणं, 21-22 डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं. आपण 14 जानेवारीला साजरा करतो तो सूर्याचा मकर राशीतला प्रवेश, आणि पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्यामुळे ती तारीख साधारण 72 वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद 12 जानेवारी 1863 ला जन्मले, तो संक्रांतीचा दिवस होता. म्हणजे ज्या खगोलीय घटनेसाठी सण सुरू झाला, ती मागे राहिली आणि सण पुढे निघून गेला. तरी आपण तिळगूळ वाटतोच. मला यात काही चुकीचं वाटत नाही. पण मग "प्रथा आहे तशीच पाळली पाहिजे, त्यात शास्त्र आहे" असं कुणी म्हणालं की मला ही तारीख आठवते.

कॉलेजात आम्हाला प्रतीकं शोधायला शिकवलं होतं. 'द ग्रेट गॅट्सबी'तला हिरवा दिवा म्हणजे काय, यावर मी चार पानं उत्तर लिहिलं होतं. आमच्या शहराचंही एक प्रतीक आहे, 'ओपन हँड', उघडा हात. चंडीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिएची ती कल्पना. तो 1965 मध्ये वारला आणि हात उभा राहिला 1985 मध्ये. कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये 26 मीटर उंचीवर तो वाऱ्याबरोबर फिरतो. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रातून कुणी पाहुणे आले की बाबा त्यांना तिथे नेऊन हा अर्थ सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे, फोटो काढायचे आणि सुखना लेकवर भेळ मिळते का विचारायचे.

मला वाटतं त्या हाताचं दुःख एवढंच आहे की त्याच्याबरोबर करण्यासारखं काही नाही. कुणी तिथे काही ठेवत नाही, कुणी काही उचलत नाही. तेच एक तिळाचा लाडू बघा. तो हातावर ठेवला जातो, घेणाऱ्याला हात पुढे करावा लागतो, दोघांनाही चार शब्द बोलावे लागतात. भांडण असेल तर ते क्षणभर तरी बाजूला ठेवावं लागतं. प्रतीकाला जीव येतो तो असा हात लागला की. पण हातच लागतो म्हटल्यावर तो कुणाला लागतो आणि कुणाला नाही, हेही तिथेच ठरतं.

बाबा गेले त्याला तीन हिवाळे झाले. नोव्हेंबरमध्ये गेले. जानेवारीत इथल्या मराठी बायकांचं एक मोठं हळदीकुंकू होतं. तिथले लाडू वर्षानुवर्षं आई करत आलेली, म्हणून त्या वर्षीही तिने केले. मी म्हटलं, "नको जाऊस." ती म्हणाली, "लाडू कोण नेणार मग?" आम्ही दोघी स्कूटरवरून गेलो, मांडीवर स्टीलचा डबा.

दारात एक मुलगी तबक घेऊन उभी होती. दहा-अकरा वर्षांची, काळं परकर-पोलकं, गळ्यात हलव्याची माळ. तिने आईकडे पाहून बोट वर केलं. मागच्या बाईने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलगी गोंधळली. आणि तिला काही करावं लागायच्या आधीच आई एक पाऊल मागे सरकली, हसली, डबा पुढे केला. "हे आत ठेव गं बाळा." मला मात्र हळद लागली, कुंकू लागलं. आम्ही दहा मिनिटांत परतलो.

येताना मी हेल्मेटच्या आत रडत होते. लाल सिग्नलला आई मागून म्हणाली, "त्या पोरीवर रागावू नकोस. मी तुला 'पुढे चल' म्हटलं होतं, आठवतंय?"

मला तोपर्यंत आठवत नव्हतं. ती तर विसरलीच नव्हती.

यातली एक गोष्ट मला फार विचित्र वाटते. कुंकू हळदीपासूनच करतात. हळदीत चुन्यासारखा क्षार मिसळला की ती लाल होते. घरी चमचाभर हळदीवर चुना टाकून बघा, मुलांनाही मजा वाटेल. म्हणजे नवरा गेलेल्या बाईच्या रोजच्या वरणात जी हळद आहे, तिच्याच लाल रूपाला तिचं कपाळ चालत नाही.

आता खालच्या मजल्यावर चला. आमची भोगी आणि त्यांची लोहडी एकाच दिवशी, 13 जानेवारीला. आमच्याकडे दुपारी तिळाची बाजरीची भाकरी, त्यांच्याकडे संध्याकाळी अंगणात शेकोटी. आगीत तीळ, गूळ, रेवड्या, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या टाकायच्या, भोवती फिरायचं, मुलांनी दुल्ला भट्टीचं गाणं म्हणायचं. हा दुल्ला भट्टी अकबराच्या काळातला पंजाबचा लोकनायक. लोककथा सांगते की त्याने जबरदस्तीने नेल्या जाणाऱ्या मुलींना सोडवलं आणि वडिलांच्या जागी उभं राहून त्यांची लग्नं लावून दिली.

म्हणजे सणाचं गाणं मुलींना वाचवणाऱ्याचं. पण थाटाची लोहडी असायची ती मुलगा झाला तर, किंवा घरात नवी सून आली तर. खालच्या आंटींनी एकदा रेवड्या निवडता निवडता आईला सांगितलं होतं की त्यांना मुलगी झाली त्या वर्षी अंगणात आग पेटली नाही. कुणी बोललं नाही, भांडलं नाही. फक्त लाकडं आणली गेली नाहीत. आणि चार वर्षांपूर्वी त्याच मुलीला मुलगी झाली तेव्हा आंटींनी पत्रिका छापल्या, ढोलवाला बोलावला, सगळ्या बिल्डिंगला जेवण दिलं. पंजाबात याला 'धीयां दी लोहडी' म्हणतात, लेकींची लोहडी. शाळा, संस्था, सरकारी कार्यक्रम यांतून ती गेल्या काही दशकांत चांगलीच रुळली. त्यासाठी कुणी नवा सण काढला नाही. आग तीच, रेवडी तीच, गाणं तर आधीपासूनच मुलींचं होतं.

त्या लोहडीला आंटींच्या सासूबाई, आमच्या सगळ्यांच्या बीजी, आगीच्या सगळ्यात जवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे पती जाऊन वीस वर्षं झालेली. पहिली तिळाची मूठ त्यांनीच टाकली, घरातलं सगळ्यात मोठं माणूस म्हणून. मला ते बघून हेवा वाटला. पण उगाच गोड चित्र नको. त्याच घरात करवा चौथला बायका ताटं घेऊन गोल बसतात तेव्हा बीजी आतल्या खोलीत टीव्ही बघत असतात. प्रत्येक घराची एक आतली खोली असते.

तर, यंदा मी ठरवलं की आपल्याच घरी हळदीकुंकू करायचं आणि आईला मीच कुंकू लावायचं. सगळ्यांसमोर. मी तयारीही केली, म्हणजे मला येते तशी: वाचून. तीळ भाजत असलेल्या आईला मी ओट्याला टेकून एक भाषणच दिलं. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. धोंडो केशव कर्व्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं ते 1893 मध्ये. आणि कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली त्या मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही असं करायला सांगितलं. एक गाव हे करू शकतं तर सेक्टरांच्या शहरात आपण का नाही?

तीळ भाजताना आई मध्ये बोलत नाही, तीळ करपतात. गॅस बंद करून तिने कढई उतरवली.

"झालं सांगून?"

"हो."

"फोटोही काढायचा असेल ना?"

मी गप्प बसले. कारण तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता. कॅप्शनसुद्धा.

"हेरवाडच्या लोकांनी चांगलंच केलं," ती म्हणाली. "पुसायला येणारा हात थांबवलाय त्यांनी. तू लावायला येतेयस. मला विचारलंस का?"

"पण तुला वाईट वाटलं होतं ना त्या दिवशी?"

"वाटलं. कुंकू नाही लावलं म्हणून नाही. इतकी वर्षं लाडू केले आणि मला दारातून परत फिरावं लागलं, म्हणून. मला माझे लाडू घेऊन बायकांमध्ये बसायचंय. गप्पा मारायच्यात. तेवढंच."

मी म्हटलं, मग कुंकू ठेवूयाच नको, फक्त तिळगूळ करू. तर तेही तिला पटेना. "मोहालीच्या त्या नव्या मुलीची पहिली संक्रांत आहे. हलव्याचे दागिने मागवलेत तिने पुण्याहून. तिची हौस का घालवायची?"

शेवटी तोडगा तिनेच काढला, तोही भाषणाशिवाय. हळदीकुंकवाची कोयरी, अत्तराची बाटली आणि गुलाबपाण्याची दाणी तिने दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, आरशासमोर मांडली. येणारीने आरशात बघायचं, हवं ते स्वतः लावायचं, नको ते नाही. कुणाचं बोट कुणासमोर थांबायचा प्रश्नच नाही. वाण म्हणून सेक्टर 22 च्या बाजारातून स्टीलच्या चहाच्या गाळण्या आणल्या, बावीस. आणि बोलावण्याच्या यादीत सगळ्यात वर तिने लिहिलं: एकवीसवाल्या वहिनी.

खरं सांगू? मला ती आरशाची युक्ती जरा कोरडी वाटली. हळदीकुंकवातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्या बाईचं बोट आपल्या कपाळाला लागतं ती. एरवी मोठ्या बायका एकमेकींना कधी हात लावतात? आरशात बघून स्वतःच टिकली लावल्यासारखं लावायचं, तर बोलावलं कशाला? पण आईला हे बोलले नाही. एकाच आठवड्यात दोन भाषणं बरी दिसत नाहीत.

त्या रविवारी धुकं होतंच. बायका शाली, मोजे, काळ्या साड्या अशा वेषात आल्या. आरशाशी थोडी गर्दी झाली, थोडी कुजबुज. काहींनी लावलं, काहींना वाटलं नंतर कुणीतरी लावेल. एकवीसवाल्या काकू आल्या, आरशासमोर क्षणभर थांबल्या, केस नीट केले आणि आत येऊन बसल्या. त्याच सोफ्याच्या त्याच टोकाला.

मग मोहालीची नवी मुलगी आली. हातापायांत, गळ्यात, कानात हलव्याचे दागिने, अगदी चित्रातली. तिला आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. आत येऊन तिने सगळ्यांची कपाळं पाहिली आणि म्हणाली, "अय्या, कुणी लावलंच नाही का अजून?" आणि आम्ही काही म्हणायच्या आत कोयरी उचलून सुरू झाली. आईची सगळी मांडणी एका मिनिटात मोडली.

ती एकेकीसमोर जात होती. मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि मला तीच खोली दिसत होती, चौदा वर्षांपूर्वीची. ती काकूंसमोर आली. बोट कुंकवात बुडवलं. खोली शांत झाली तशी तीही थांबली, काहीतरी चुकतंय हे तिला कळलं. कुणीही "पुढे चल" म्हणालं नाही. कुणी दुसरंही काही म्हणालं नाही.

काकूच म्हणाल्या, "हळद लाव मला. कुंकवाची सवय गेली."

तिने बोट पुसलं आणि हळद लावली. मग ती आईसमोर आली. आईच्या दोन्ही हातांत लाडवांचं ताट. मागे सरकायला जागा नव्हती, मागे फ्रिज. "मला नको गं," आई म्हणाली, चहात साखर नको म्हणावं तशी. "बरं मावशी," म्हणून मुलगी पुढे गेली. आईचं कपाळ त्या दिवशीही रिकामंच राहिलं. पण मोठ्या कार्यक्रमाच्या दारात ते दुसऱ्यांनी ठरवलं होतं.

नंतर उखाणे सुरू झाले. उखाणा म्हणजे नवऱ्याचं नाव घेणं, त्यामुळे कुणाला आग्रह करायचा आणि कुणाला नाही हे न सांगता ठरलेलं असतं. नव्या मुलीने फोनमध्ये बघून घेतला. सदतीसवाल्या मावशींनी विनोदी घेतला, त्यात त्यांच्या यजमानांच्या घोरण्याचा उल्लेख होता. वळण सोफ्याच्या टोकाशी आलं आणि सगळ्यांच्या नजरा काकूंवरून घसरून पुढच्या बाईवर गेल्या.

"वहिनी, तुम्ही घ्या ना," आई म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. शाल सावरली. मग घेतला. दोन ओळींचा, यमक जेमतेम जुळणारं, त्यात संक्रांत होती, चंडीगडचं धुकं होतं, म्हणजे तो इथेच केलेला असणार, कधीतरी, काका असताना. शेवटी काकांचं नाव. ते त्यांनी मोठ्याने घेतलं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, काकांचं नाव मला त्या दिवशी कळलं.

दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांना वाजवाव्यात की नाही ते समजेना. एकीच्या मुलाला नेमकी तेव्हाच रेवडी हवी झाली आणि सगळ्या जणी मदतीला धावल्यासारख्या त्याच्याशी बोलू लागल्या. बाबांच्या कार्यालयातल्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या पत्नी उठल्या, म्हणाल्या की त्यांना आणखी एका घरी जायचंय, आणि चहा अर्धा ठेवून गेल्या. दाराशी आरशात बघून त्यांनी कपाळावरचं कुंकू जरा ठळक केलं, ते मी पाहिलं. गाळणी न घेताच गेल्या. त्या विसरल्या की मुद्दाम ठेवली, मला कळलेलं नाही.

काकू सगळ्यांत शेवटी निघाल्या. जाताना त्यांनी माझी हनुवटी धरली, कोयरीतलं कुंकू घेऊन माझ्या कपाळाला लावलं. हात थोडा थरथरत होता, त्यामुळे ते वाकडं लागलं आणि थोडं नाकावर सांडलं. मी पुसलं नाही. आई म्हणाली, "सांडलं बघ," आणि तिघी हसलो.

रात्री भांडी आवरताना मी आईला विचारलं, "तू का नाही घेतलास उखाणा? सगळ्या असत्या ना ऐकायला."

"मला अजून येत नाही तेवढं नीट," ती म्हणाली. "रडू येईल. पुढच्या वर्षी बघू."

मग तिने उरलेल्या गाळण्या मोजल्या. बावीसमधल्या तीन. एक बीजींना द्यायची, त्या म्हणे कशाला नको म्हणणार नाहीत. एक आमच्या घरात वापरायला. तिसरीवर तिने कागदाची चिठ्ठी चिकटवली, अर्धा चहा ठेवून गेलेल्या बाईंच्या सेक्टरचा आकडा लिहून, आणि ती फ्रिजवर ठेवली.

"कशाला?" मी म्हटलं. "त्यांना हवी असती तर नेली असती."

"रथसप्तमीपर्यंत वाण देता येतं," आई म्हणाली. "मी जाऊन येईन. लाडूही नेईन थोडे."